सरासरीच्या मेंदूला सुई टोचता येत नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवारच्या पुरवणीत अ‍ॅक्युपंक्चरविषयी एक सविस्तर लेख प्रसिद्ध झाला होता. लेख कळकळीने लिहिलेला होता, भाषा सोपी होती, आणि गुडघे-कंबर धरून बसणाऱ्या आमच्या वयाच्या वाचकांपैकी कित्येकांनी तो कापून ठेवला, हे इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत मी स्वतः पाहिले आहे. त्या लेखात असे म्हटले होते की पायाच्या करंगळीच्या बाहेरच्या कडेला असलेल्या एका बिंदूवर सुई टोचली असता मेंदूच्या मागच्या भागातले दृष्टीचे केंद्र उजळून निघते आणि हे अमेरिकेत एमआरआय यंत्राने सिद्ध झाले आहे. शेजारी लाल-पिवळ्या ठिपक्यांचा एक मेंदूही छापलेला होता. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील शाखेतल्या झांग-ही चो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात असा निबंध प्रसिद्ध केला होता, ही गोष्ट खरी आहे. परंतु निदान वेदना आणि वेदनाशमन यांच्या बाबतीत तरी विशिष्ट बिंदूचा विशिष्ट परिणाम असे काही आढळत नाही आणि आपल्याच जुन्या निष्कर्षांशी आपण आता सहमत नाही, असे लिहून खुद्द चो आणि त्यांच्या काही सहलेखकांनी २००६ साली तो निबंध त्याच नियतकालिकातून मागे घेतला, ही गोष्टही तितकीच खरी आहे. लेखात पहिली गोष्ट आली, दुसरी आली नाही.

एवढेच असते तर चार ओळींचे पत्र पुरले असते. पण लेखाचा एकंदर सूर असा होता की यंत्राने काढलेल्या चित्रात जे दिसते तेच तुमच्या-माझ्या मेंदूत घडत असते, आणि त्या सुराविषयी मला जरा विस्ताराने लिहायचे आहे. मी डॉक्टर नाही. येथल्याच एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि मोजलेल्या आकड्याकडे संशयाने पाहण्याची जी खोड प्रयोगशाळेत लागली ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

या विषयाशी माझा संबंध मात्र पुस्तकी नाही. दोन वर्षांपूर्वी माझी पत्नी आणि मी, दोघेही गुडघ्यांसाठी शहरातल्या एका केंद्रात सुया टोचून घ्यायला जात होतो. चिकित्सक एकच, बिंदू जवळजवळ तेच, खाटा शेजारीशेजारी आणि बैठका दोघांनाही दहा. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर पत्नी कठड्याचा आधार न घेता जिना उतरू लागली. दहावी बैठक संपली तरी माझा गुडघा होता तसाच होता. घरी येताना रिक्षात ती सांगे की सुई फिरवली की पाय जड होतो, आतून शिणल्यासारखे वाटते, काहीतरी पोटरीकडे सरकत गेल्याचा भास होतो. मला तसले काही कधीच जाणवले नाही. मला नुसते टोचले. शेवटच्या दिवशी मी चिकित्सकांना कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘काका, तुमचं शरीर घेत नाहीये. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते.’ व्यक्ती तितक्या प्रकृती हे आपणही उठता-बसता म्हणतो, म्हणून मी हसलो आणि पैसे देऊन घरी आलो. नंतर लक्षात आले की हे उत्तर कधीच चुकू शकत नाही. गुण आला तर उपचाराचा, नाही आला तर दोष शरीराचा. मग उपचार तपासायचा कसा?

आता त्या रंगीत चित्राकडे वळतो. त्याला सगळे जण फोटो म्हणतात, पण तो फोटो नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटलेला असताना त्याचा चुंबकीय गुणधर्म एक असतो आणि प्राणवायू सोडल्यावर दुसरा असतो, हे १९३६ पासून ठाऊक होते. या फरकावरून मेंदूतला रक्तपुरवठा कुठे बदलतो आहे ते ओळखता येईल, हे सेजी ओगावा यांनी १९९० च्या सुमारास दाखवले आणि दोनेक वर्षांत ते तंत्र माणसांवर वापरले जाऊ लागले. म्हणजे फंक्शनल एमआरआय नावाचे हे तंत्र मेंदूतल्या पेशींचे काम पाहत नाही. त्या कामापाठोपाठ पाच-सहा सेकंदांनी येणारा रक्ताचा लोंढा पाहते. तीन टेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ६०,००० पट बलवान असे चुंबक वापरूनही संकेतात पडणारा फरक एक ते काही टक्के इतकाच असतो, आणि तो तीन-तीन मिलिमीटरच्या हजारो चौकोनी तुकड्यांत शोधावा लागतो. सुई फिरवत असतानाचा संकेत आणि सुई स्वस्थ असतानाचा संकेत यांची तुलना पुन्हा पुन्हा करून, जिथे फरक ठरवलेल्या मर्यादेपलीकडे जातो तिथे संगणक रंग भरतो. मर्यादा जरा खाली आणली तर मेंदूभर दिवाळी दिसते आणि जरा वर नेली तर काळोख.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. छापून येणारे चित्र बहुतेक वेळा एका माणसाचे नसतेच. दहा-पंधरा जणांचे मेंदू संगणकावर ताणून, दाबून, वळवून एका प्रमाण मेंदूच्या मापात बसवतात, बारकावे थोडे पुसट करतात आणि मग सगळ्यांची सरासरी काढतात. हे प्रमाण माप तरी कोणाचे? बरीच वर्षे ज्या नकाशाचा आधार घेतला जात असे तो तालेराख आणि तुर्नू यांचा १९८८ सालचा नकाशा साठ वर्षांच्या एका फ्रेंच बाईच्या मृत्यूनंतर तिच्या मेंदूवरून केलेला होता. पुढे दीडशेहून अधिक लोकांच्या मेंदूंच्या सरासरीवरून केलेली मापे आली आणि परिस्थिती सुधारली, तरी मूळ पद्धत तीच राहिली. घरातल्या पाच माणसांच्या पावलांची सरासरी काढून त्या मापाचे पाच जोड आणले, तर हिशेब बरोबर असूनही कदाचित एकाच्याही पायात चप्पल बसणार नाही, तसा हा प्रकार आहे. सरासरीने काहीच कळत नाही असे मी म्हणत नाही. पण सरासरी काढताना काय पुसले गेले ते विचारायला हवे.

अ‍ॅक्युपंक्चरच्या बाबतीत काय पुसले जाऊ शकते, याचा एक नमुना मला फार बोलका वाटतो. बोस्टनच्या मॅसेच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या कॅथलीन हुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली १३ निरोगी व्यक्तींवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात ‘हगू’ नावाचा जो प्रसिद्ध बिंदू आहे, तिथे सुई टोचून ती फिरवली असता ११ जणांना जडपणा, बधिरपणा, ताण अशा संवेदना झाल्या. चिनी परंपरेत या संवेदनेला ‘द-ची’ म्हणतात आणि ती आल्याशिवाय सुई लागू पडली असे मानत नाहीत. या ११ जणांच्या मेंदूत भावना आणि स्मृती यांच्याशी निगडित अशा खोलवरच्या भागांतला संकेत वाढण्याऐवजी ठळकपणे उतरला. उरलेल्या दोघांना द-ची न येता सरळ दुखले, आणि त्यांच्या मेंदूत यांपैकी काही भागांत संकेत उतरण्याऐवजी चढला. सुई तीच, बिंदू तोच, यंत्र तेच, आणि दिशा उलट! या तेराही जणांची मिळून एकच सरासरी काढली असती, तर ते दोघे अकरांच्या गर्दीत विरून गेले असते आणि कदाचित त्यांच्याबरोबर त्या अभ्यासातली सर्वांत उपयोगी माहितीही विरून गेली असती. सुई टोचणाऱ्याच्या हातात जे आहे त्यापेक्षा टोचून घेणाऱ्याला काय जाणवते यावर मेंदूचा प्रतिसाद अधिक अवलंबून असेल, अशी शक्यता त्या दोघांमुळे पुढे आली. मला रिक्षातले पत्नीचे वर्णन आठवले. अर्थात दोन माणसांवरून सिद्धान्त बांधता येत नाही आणि आमच्या दोघांच्या गुडघ्यांवरून तर मुळीच येत नाही, याची मला जाणीव आहे.

चो यांच्या मागे घेतलेल्या निबंधातही असा फरक आढळला होता. काही जणांत दृष्टीच्या केंद्रातला संकेत चढला, काहींत उतरला. तिथे त्याचे स्पष्टीकरण काय दिले गेले? चिनी परंपरेत यिन आणि यांग अशा दोन परस्परविरुद्ध प्रकृती मानतात; काही माणसे यिन प्रकृतीची आणि काही यांग प्रकृतीची असतात असे. चढला तरी सिद्ध, उतरला तरी सिद्ध! आमच्या चिकित्सकांचे ‘शरीर घेत नाही’ आणि हे स्पष्टीकरण एकाच कुळातले आहे. आपल्याकडेही वात-पित्त-कफ आहेच, त्यामुळे प्रकृतिभेदाची कल्पना आपल्या कानाला सवयीची वाटते आणि आपण ती लवकर मान्य करतो. प्रकृतिभेद असू शकेल. पण तो आधी ओळखून, लिहून ठेवून, मग चित्र काढले आणि ते जुळले, तर त्याला पुरावा म्हणता येईल; चित्र हाती आल्यावर त्याला शोभेल अशी प्रकृती माणसाला चिकटवणे ही लग्न ठरल्यावर पत्रिका जुळवण्यातली गत झाली.

इथे एक प्रश्न असा येतो की माणसामाणसांतला हा फरक खरोखर माणसांतला आहे की मोजण्याच्या दिवसाचा. माझा गुडघा सोमवारी कुरकुरतो आणि गुरुवारी गप्प असतो. सोमवारचा मी आणि गुरुवारचा मी अशी दोन माणसे समजून कोणी अभ्यास केला, तर त्याला आमच्यात मोठा प्रकृतिभेद सापडेल. म्हणून व्यक्तीव्यक्तींतल्या फरकाविषयी बोलण्याआधी एकाच व्यक्तीत दिवसादिवसांत किती फरक पडतो ते मोजावे लागते. हे काम चिआन कोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले आणि २००७ साली प्रसिद्ध केले. त्यांनी त्याच व्यक्तींना वेगवेगळ्या दिवशी यंत्रात पुन्हा पुन्हा झोपवून सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह दिला आणि तुलनेसाठी त्यांना बोटे आपटण्याचे साधे काम दिले. बोटे आपटतानाचे चित्र दिवसागणिक बऱ्यापैकी तेच आले, सुयांचे चित्र मात्र त्याच माणसातही पुष्कळ बदलत राहिले. मला हा अभ्यास या सगळ्या क्षेत्रातला फार प्रामाणिक अभ्यास वाटतो, कारण तो स्वतःच्याच हत्याराची धार तपासतो.

ही अडचण केवळ सुयांची नाही. फंक्शनल एमआरआयच्या नेहमीच्या चाचण्या त्याच माणसावर पुन्हा केल्या तर कितपत जुळतात, याचा आढावा २०२० साली एलियट आणि सहकाऱ्यांनी ९० प्रयोगांवरून घेतला. पूर्ण जुळणी म्हणजे १ आणि मुळीच जुळणी नाही म्हणजे ० असे धरले, तर सरासरी आकडा सुमारे ०.४ निघाला. एखाद्या गटाविषयी काही सांगायला असे साधन चालून जाते. एका माणसाविषयी निदान करायला ते चालत नाही. एवढ्या जुळणीचा थर्मामीटर कोणी घरात ठेवणार नाही.

फरक पडण्याची काही कारणे तर अगदीच घरगुती आहेत. यंत्र रक्ताचा लोंढा मोजते, त्यामुळे वय, रक्तवाहिन्यांची अवस्था, रक्तदाबाच्या गोळ्या या सगळ्यांची छाप चित्रावर पडते. कॅफीनने मेंदूतला रक्तप्रवाह चांगलाच कमी होतो. इंदूरचा माणूस पोह्यांबरोबर दोन कप चहा घेऊन यंत्रात शिरला, तर त्याच्या मेंदूचे चित्र उपाशी आलेल्या माणसाच्या चित्रापेक्षा वेगळे येईल आणि त्यात सुईचा काही हात नसेल. अरुंद नळीत झोपायचे, कानाशी हातोडे आपटल्यासारखा आवाज, त्यात कोणीतरी पायाशी बसून सुई फिरवतो आहे. कुणी घाबरेल, कुणाला झोप लागेल, कुणी डोके हलवेल. डोके दोन-तीन मिलिमीटर हलले तरी संकेत बिघडतो.

अपेक्षेचा भाग याहून अवघड आहे, आणि लेखात त्याला एका वाक्यात ‘मनाचे खेळ’ म्हणून निकालात काढले होते, ते मला पटले नाही. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर झालेली मोठी चाचणी २००७ साली प्रसिद्ध झाली. परंपरेने सांगितलेल्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के लोकांना गुण आला. बिंदू सोडून भलतीकडे, वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आला. औषधे, व्यायाम वगैरे रूढ उपचार मिळालेल्यांत हा आकडा २७.४ टक्के होता. अ‍ॅक्युपंक्चरचे कैवारी पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याकडे बोट दाखवतात, विरोधक पहिल्या आणि दुसऱ्याकडे. आकडे मात्र तिन्ही एकदमच खरे आहेत. पुढच्याच वर्षी टेड कॅपचुक यांनी हार्वर्डमधून आतड्याच्या विकाराच्या २६२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दोन गटांना त्वचेत न शिरणारी दिखाऊ सुईच लावली होती, पण एका गटाशी चिकित्सक मोजकेच बोलला आणि दुसऱ्याशी आपुलकीने, वेळ देऊन, ऐकून घेत बोलला. उपचाराविना नुसती वाट पाहणाऱ्या तिसऱ्या गटात २८ टक्क्यांना पुरेसा आराम वाटला, मोजके बोललेल्या गटात ४४ टक्क्यांना आणि आपुलकीच्या गटात ६२ टक्क्यांना. आता सांगतो, आमचे चिकित्सक पत्नीशी तिच्या माहेरच्या गावाविषयी, नातवंडांविषयी पुष्कळ गप्पा मारत. मी त्या वेळात डोळ्यांसमोर आपलेच दैनिक धरून पडलेला असे. म्हणजे शेजारीशेजारच्या खाटांवर उपचार एकच चालला होता, असे मी वर लिहिले ते तरी कितपत बरोबर आहे?

मेंदूत काहीतरी दिसले म्हणजे आराम पडण्याचे कारण सापडले, हा समजही एकदा तपासून पाहायला हवा. मिशिगन विद्यापीठातल्या रिचर्ड हॅरिस आणि सहकाऱ्यांनी २००९ साली फायब्रोमायल्जिया या सर्वांगाच्या दुखण्याने त्रस्त अशा २० स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पेट (पीईटी) स्कॅन या वेगळ्या तंत्राने त्यांनी मेंदूतले, अफूसदृश द्रव्ये जिथे चिकटतात ते ग्राहक (रिसेप्टर) मोजले. खऱ्या सुयांनंतर या ग्राहकांची अशी द्रव्ये धरून ठेवण्याची क्षमता वाढली, दिखाऊ सुयांनंतर वाढली नाही. मेंदूच्या पातळीवर दोन्ही उपचार स्पष्टपणे वेगळे पडले. आणि दुखणे? ते दोन्ही गटांत कमी झाले, जवळजवळ सारखेच. तेव्हा चित्रातला फरक हा खरा फरक असू शकतो आणि तरीही रुग्णाला पडलेल्या आरामाशी त्याचे गणित सरळ नसू शकते.

मग माणसामाणसांतला फरक हा सगळा धूर आहे का? तसे मुळीच नाही. पेकिंगच्या हान चीशंग यांनी उंदरांवर दीर्घकाळ काम केले. विद्युतप्रवाह दिलेल्या सुयांनी काही उंदरांची वेदना सहन करण्याची क्षमता वाढते आणि काहींची वाढत नाही, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसले. आणि उंदराला ना अपेक्षा असते, ना चिकित्सकाशी गप्पा. ज्यांना गुण येत नव्हता त्यांच्या मज्जासंस्थेत अफूसदृश द्रव्यांना विरोध करणारे कोलेसिस्टोकायनिन नावाचे द्रव्य अधिक असल्याचे त्यांना आढळले, आणि त्या द्रव्याची निर्मिती कमी केल्यावर तेच उंदीर प्रतिसाद देऊ लागले. ‘शरीर घेत नाही’ या वाक्याला असा अर्थ देता येतो: का घेत नाही ते सांगा, ते कारण दूर करा आणि मग घेते का ते दाखवा.

माणसांतही असा प्रयत्न झालेला आहे. मनगटात नस दबून बोटे बधिर होण्याचा जो विकार आहे, त्याच्या ८० रुग्णांचा अभ्यास बोस्टनच्याच गटाने, युमी माएदा आणि व्हिटाली नापादो यांनी, २०१७ साली प्रसिद्ध केला. या विकारात मेंदूतल्या स्पर्शाच्या नकाशावर शेजारच्या दोन बोटांच्या जागा एकमेकींत सरकतात. काहींना मनगटाजवळ खऱ्या सुया टोचल्या, काहींना पायाच्या घोट्याजवळ, काहींना दिखाऊ सुया लावल्या. आपला त्रास कमी झाला असे तिन्ही गटांनी सांगितले. पण नसेतून संकेत वाहण्याचा वेग खऱ्या सुयांनीच सुधारला, आणि खऱ्या सुया घेतलेल्यांत ज्यांच्या मेंदूतल्या त्या दोन जागा पुन्हा एकमेकींपासून दूर गेल्या, त्यांचा आराम तीन महिन्यांनंतरही अधिक टिकला. इथे व्यक्तीव्यक्तींतला फरक पळवाट म्हणून आलेला नाही. तो मोजला, त्यावरून पुढचे अनुमान केले आणि तीन महिने थांबून ते पडताळले. माझ्या मते आपल्या लेखाला उदाहरण द्यायचेच होते तर ते हे द्यायचे होते.

चित्र पाहणाऱ्यांतही व्यक्ती तितक्या प्रकृती असतात, हे जाता जाता नोंदवतो. २०२० साली ‘नेचर’ नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात १०८ जणांची तीच एमआरआय माहिती ७० वेगवेगळ्या संशोधक-गटांना देऊन तेच नऊ प्रश्न विचारले होते. कोणत्याही दोन गटांनी विश्लेषणाची हुबेहूब तीच रीत वापरली नाही, आणि काही प्रश्नांवर त्यांची उत्तरे चांगलीच फाटली.

हे पत्र अ‍ॅक्युपंक्चरच्या विरोधात आहे असे कृपया कोणी समजू नये. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांबरोबर १९३८ साली चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात डॉ. बी. के. बसू होते, आणि त्यांनीच पुढे ही विद्या चीनमधून शिकून कोलकात्यात आणली. या इतिहासाविषयी मला आदर आहे आणि पत्नीचा जिना मी रोज पाहतो आहे. काळजी वाटते ती चित्राच्या वापराची. आपला लेख आल्यानंतर आठवड्याभरात आमच्या भागात एका केंद्राची पत्रके वाटली गेली, त्यांवर तसाच रंगीत मेंदू होता आणि खाली ‘परिणाम विज्ञानाने सिद्ध’ असे छापले होते. फिरायला येणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांनी तर मला विचारले, ‘सर, आधी डोक्याचा एमआरआय काढून घेतला तर सुया आपल्याला लागू पडतील की नाही ते कळेल का?’ त्यांना सांगितले तेच इथे लिहितो. रुग्णालयात डोक्याचा जो नेहमीचा एमआरआय काढतात तो मेंदूची रचना दाखवतो, गाठ आहे का, रक्तस्राव आहे का ते सांगतो. सुईला मेंदू काय उत्तर देतो ते त्यात दिसतच नाही. ते दाखवणारा जो संशोधनातला एमआरआय आहे, तो आज एका व्यक्तीविषयी असे भाकीत करण्याइतका भरवशाचा नाही. हजारो रुपये त्यापायी घालवू नयेत. सुया टोचून घ्यायच्याच असतील तर निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया आहेत ना ते पाहावे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसे आधी सांगावे, पाच-सहा बैठकांनंतर काय फरक पडला ते स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावे आणि फरक नसेल तर थांबावे. आपण सहसा दुखणे अगदी टोकाला गेल्यावर उपचाराला जातो आणि टोकाला गेलेले दुखणे पुष्कळदा आपोआपही उतरते, म्हणून ती वही पहिल्या बैठकीच्या आधी दोन-तीन आठवडे सुरू केलेली बरी. आम्ही ती केली नव्हती, त्यामुळे पत्नीचा गुण सुयांचा की ऋतूचा, हे आज मला छातीठोकपणे सांगता येत नाही. ती मात्र सांगते, आणि तिचा गुडघा असल्यामुळे मी वाद घालत नाही.

आपल्याकडे विनंती दोन गोष्टींची आहे. मेंदूच्या चित्रांसह एखादे संशोधन छापताना ते किती जणांवर झाले, दिखाऊ उपचाराशी त्याची तुलना झाली होती का आणि त्याच माणसांवर ते पुन्हा करून पाहिले होते का, एवढे त्या चित्राखालीच दोन ओळींत द्यावे. आणि १९९८ चा तो निबंध २००६ साली मागे घेतला गेला आहे, ही दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न देता रविवारच्या पुरवणीतच, लेख ज्या जागी आला होता त्या जागी द्यावी. कारण आमच्याकडे तो लेख कापून ठेवणारे मुख्य अंकाची आतली पाने वाचत नाहीत, थेट पुरवणीच उघडतात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
भौतिकशास्त्राचा एक निवृत्त प्राध्यापक,
लोकमान्यनगर, इंदूर